शेठच्या भिंतीवरच्या गोवऱ्या

दिग्रसच्या कापसाच्या जिनातल्या फिटरशी माझं लग्न झालं, तेव्हाच मी समजून चुकले की आपला जन्म सरकीच्या वासात जाणार. गेलाही तसाच. फक्त मधली काही वर्षं ती सरकी आफ्रिकेतली होती.

साठ सालानंतरची गोष्ट. युगांडातल्या एका गुजराती शेठला त्याच्या जिनासाठी फिटर हवा होता, आणि आमच्या ह्यांनी मला न विचारताच होकार देऊन टाकला. मी बोलणंच टाकलं. शेवटी हेच नरमले.

"होळीपर्यंत राहून पाय. नाही करमलं, तं तुले अन् पोरीले दिग्रसले पोचवून देतो. मी एकटा राहीन तिथं."

एकटा म्हणताना आवाज इतका पडला की मला दया आली. पण मी ती दाखवली नाही.

दिवाळी करून निघालो. सामानात मी वरवंट्यासकट पाटा बांधला. "जहाज बुडवतं काय?" हे म्हणाले. पाटा आमच्यासंगं गेलाच.

तिकडे कापसाची पऱ्हाटी आपल्यासारखीच, माती तेवढी लाल. क्वार्टर चांगलं होतं, शेजारच्या गुजराती बायाही चांगल्या होत्या. पण मला काही केल्या करमेना. तशात एका रविवारी रोडग्यांची आठवण आली. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजायचे, संगं वांग्याची भाजी. कोळशावर करून पाहिले, तर आतून कच्चे. म्हटलं, गाई आहेत, शेण आहे, ऊन आहे, मग अडलं कुठं? जिनाचा चौकीदार तिथलाच माणूस, त्याच्या गाईंचं शेण पाटीभर आणलं आणि समोरच्या भिंतीवर गोवऱ्या थापून मोकळी झाले.

ती भिंत शेठच्या ऑफिसची निघाली. नुकताच चुना दिलेला. हे बोलणी खाऊन आले आणि म्हणाले, "अवो, भिंत पाहून तरी थापाव!"

"उन्हाची हेच एक भिंत हाय, मी काय करू?" मी म्हटलं.

भिंत धुवायला लागले, तर चौकीदाराची बायको हसत आली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिनं हात धरून मला आपल्या घरात नेलं. मातीचं घर, शेणानं सारवलेली गुळगुळीत जमीन. ती बोटानं दाखवू लागली, शेण इथं लावायचं असतं, भिंतीला नाही. मला असा राग आला! मला सारवणं शिकवते? पदर खोचला, तिच्याच घमेल्यातलं शेण घेतलं आणि राहिलेला कोपरा बोटांच्या चंद्रकोरी काढत सारवून दिला. ती पाहत राहिली, मग माझ्या बाजूला बसून तशाच कोरी काढू लागली. त्या घरात मला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

मग शेठनं आमच्या क्वार्टरची मागची भिंत मला दिली; ऊन तिथं दुपारनंतरच, पण भागायचं. शेण जाळायचं म्हणजे चौकीदाराच्या बायकोला वेडेपणाच वाटायचा. पण रोडगा तूप लावून दिला, तर तिनं दुसरा मागून घेतला. होळीला तिच्या पोरींनी माझ्या पोरीसोबत शेणाच्या चाकोल्या केल्या, मधे भोकं पाडून माळा ओवल्या, आणि होळीत टाकायच्या आधी गळ्यात घालून नाचल्या.

होळी झाली. हे परतीच्या तिकिटाचं नाव काढीनात, मीही काढीना. जेवताना हे माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि पाणी प्यायचे. तिकडे होळीनंतर पाऊस लागतो, म्हणून मी एक दिवस मागची भिंत वरपासून खालपर्यंत थापून काढली. हे कामावरून आले, भिंतीसमोर थबकले.

"इतक्या कायले? तू तं जाऊन राह्यली ना?"

"पाऊस येऊन राह्यला. ओल्या गोवऱ्यांवर रोडगे भाजू काय?"

हे पायरीवर बसले, टोपी काढली आणि डोळे पुसले. मग तसेच उठून, मी सांगितलं नव्हतं तरी, माझ्यासाठी शेणाची दुसरी पाटी घेऊन आले.