कोरियातला माझा पक्ष

मी अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि पीएचडी केली ती दक्षिण कोरियातल्या एका छोट्या, मध्यममार्गी, उदारमतवादी पक्षावर. खरं कारण एवढंच, की इथल्या पक्षांवर लिहिलं असतं तर गल्लीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ निघाला असता. कोरियात मला कोण पकडणार?

पकडलं त्या पक्षानंच. तो दोनदा फुटला, तीनदा त्यानं नाव बदललं. दर वेळी मी राजापेठेतल्या टायपिंगवाल्याकडे धावायचे. तो वैतागून म्हणायचा, "मॅडम, याईले एकदाचं काय ते ठरवू द्या, मंग प्रिंट काढू." शेवटी त्या पक्षाच्या भवितव्यावरचा माझा प्रबंध काळ्या कव्हरात, वर सोनेरी अक्षरं छापून, बांधून झाला. मौखिक परीक्षेला आठ दिवस असताना पक्ष एका मोठ्या पक्षात विलीन झाला. मी चक्क रडले. माझी नोकरी कायम होणं या पदवीवर अडकलं होतं.

परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. हे बाबांनी फारच मनावर घेतलं. चांदूर बाजारहून आठ शेतकरी घेऊन आले, सगळे इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांना ती सभाच वाटली. माझ्या वाक्यावाक्याला टाळ्या पडू लागल्या आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

परीक्षकांनी नेमकं विचारलं, "पक्षाची सद्यस्थिती?"

"सर, गेल्या आठवड्यात विलीन झाला."

"मग भवितव्य?" ते हसले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "श्रोत्यांना काही विचारायचंय?" श्रोत्यांतून कोणी कधी काही विचारत नसतं. बाबा उभे राहिले.

"विलीन करताना कार्यकर्त्याईले इचारलं होतं काय?"

मी उगाच पानं चाळू लागले.

"आमची पार्टी विलीन झाली तं मले पेपरातून समजलं. वीस वर्षं झेंडा धरला होता मी. तिथच्या माणसाईले कोणं सांगितलं?"

टाळ्या थांबल्या. माझ्या तीनशे पानांत नेते होते, जाहीरनामे होते, कार्यकर्ता एकही नव्हता. आणि गावी असताना रोज ज्याच्या शेजारी जेवायला बसायचे, त्यालाही मी कधी काही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले.

परीक्षकांनी प्रश्न लिहून घेतला आणि पदवीची शिफारस केली. बाबांनी आणलेला हार माझ्या गळ्यात घातला आणि हळूच म्हणाले, "समजलं तं मले सांगजो."