माइकची आंघोळ

मी बोलून उठलो की ते माइकला आंघोळ घालायचे.

तांब्याच्या पंचपात्रीतलं गोमूत्र, पळीनं, तीन वेळा. हे काम बापूसाहेबाचं. बापूसाहेब म्हणजे आमच्याच वर्गातला, बड्या जमीनदाराचा पोरगा. मिशी फुटायच्या आधी नावाला 'साहेब' फुटलेला. शिंपडून झालं की माझ्याकडे न पाहता म्हणायचा, "सरक बे. वारा अडवू नको."

मी सरकायचो.

आम्ही राहायचो ते कारंज्यातल्या नव्या कॉलेजचं बोर्डिंग. तीस पोरं, तीन खोल्या, आणि ढेकूण एवढे तगडे की झोपलेल्याला खाटेसकट दारापर्यंत नेत. पण बोर्डिंगचं नाव झालं ते पडद्यानं. पोरं आठवडाभर काचांवर चित्रं रंगवत. शनिवारी दिवेलागणीला बाजाराच्या मैदानात पांढरा पडदा लागायचा, जादूच्या कंदिलातून चित्रं त्यावर पडायची आणि पडद्यामागून कर्ण्यावर आवाज यायचा. कापसाचा भाव, देवीची लस, नवी एस.टी. किती वाजता सुटते. लोक गाड्या जुंपून येत.

बाकी एकोणतीस पोरांचे आवाज शेळीचे. आवाज होता माझा. मी कारंज्यात खोकलो तर रिसोडातली कुत्री भुंकत. पण मी महारवाड्यातला. म्हणून बोलायचो मी, पडद्यामागे. आणि शेवटी पुढे जाऊन हात जोडायचा बापूसाहेब. सगळ्या बाजाराला वाटे, आवाज त्याचाच. त्याला सतरा गावांतून पोरी सांगून आल्या, त्या माझ्या घशावर.

मी गप्प होतो. माय शेलूबाजारकडे दुसऱ्याच्या रानात निंदण करायची. बोर्डिंगातली जागा गेली की शिक्षण गेलं, आणि मी तिच्या शेजारी खुरपं घेऊन. एवढ्यासाठी वर्षभर सरकलो.

त्या शनिवारी नागपूरकडचे कोणी मोठे साहेब पडदा पाहायला आले. पहिल्या रांगेत खुर्च्या. बापूसाहेबाला त्यांच्यापुढे स्वतः दोन शब्द बोलायचे होते. मी माझं बोलून माइकपासून उठलो. आज माझा विटाळ कणभरही नको म्हणून त्यानं पळी ठेवून दिली आणि अख्खी पंचपात्री माइकवर उपडी केली. कर्णा भाड्यानं देणारे रहीमचाचा कळवळून म्हणाले, "बिजली का काम है बाबू, गीला मत करो." त्यानं ऐकलं नाही. ओल्या हातानं माइक उचलला, पडद्यापुढे गेला.

कर्णा दहा रेड्यांच्या आवाजात हंबरला. बापूसाहेब हातभर उडाला, त्याची टोपी साहेबांच्या मांडीत पडली. शेंडीतून धूर निघाला, असं मी आजही सांगतो; कोणी नाही म्हणून दाखवावं. मग सगळं ठप्प.

मी हसलो.

चौघं पडद्यामागे धावून आले. पहिली लाथ पोटात. दुसरी तोंडावर. ज्यांच्या चित्रांना मी बोलतं केलं तीच पोरं. कंदिलाच्या तिवईचा पाय माझ्या पाठीवर मोडला. एक दात घशात गेला. बोर्डिंगचे गुरुजी आले, मला वाटलं सोडवायला आले. ते कानाशी वाकून म्हणाले, पुढे जा, बापूसाहेबाचे पाय धर, माझा हात लागला म्हणून यंत्र बिघडलं असं सर्वांदेखत म्हण, जागा राहील. नाहीतर पेटी उचल.

मी पडद्यापुढे गेलो. पहिल्यांदाच. हजार डोळे, आणि माझ्या हनुवटीवरून रक्त.

बापूसाहेबाला खुर्चीत बसवलं होतं. त्यानं पाय पुढे केला. म्हणाला, "धर."

मी धरला. आणि ओढला.

खुर्चीसकट तो धुळीत. त्याच्या छातीवर गुडघा रोवला, नाकावर मूठ हाणली, नाक फुटलं. मग मान वर केली आणि बिनकर्ण्याचा बोललो, "वर्षभर तुमी आयकला तो आवाज माया हाय. याचा नाही. मशीन यानं मारली, मी नाही."

मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "होय वो बाई, हाच तो."

तेवढं पुरे होतं. मग पुन्हा तुटून पडले माझ्यावर. डावा हात मोडला, तो आजही सरळ होत नाही. पेटी रस्त्यावर फेकली. जागा गेली.

आठ दिवसांनी गुरुजींचा माणूस मायच्या झोपडीत आला. पडदा मुका पडला होता. माफी माग, मागच्यासारखा बोल, जागा देतो, असा गुरुजींचा निरोप होता. मी त्या माणसाला म्हणालो, "गुरुजीले सांग, आवाज पायजे असंन तर तोंडासकट घ्या लागंन."

तो गेला. परत कोणी आलं नाही.

त्याच दिवशी मी ठरवलं, शिकेन मी. दुसऱ्या गावात, उपाशी, कसाही. पण कोणाच्या मागे बसून बोलणार नाही. आणि मला मागे ढकलायला जो हात पुढे येईल, तो मी उजव्या हातानं मोडीन.