नववा खिसा

घरात एखादी विचित्र वस्तू आली की तिच्यामागून किस्से येतात, ढेपेमागून मुंगळे यावेत तसे. एकाला हाकलावं तर दुसरा हजर. आमच्या घरात काडतुसांचे पट्टे शिरले आणि तेव्हापासून विहिरीवरच्या बायका मला नावाने हाक मारायच्या बंद झाल्या. "काय गं, या आठवड्यात काय झालं?" हीच हाक. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच ठेवावं.

* * *

सुरुवात पाळण्यापासून झाली. अरुण दोन महिन्यांचा होता. पाळण्याची एक कडी तुटली म्हणून मी ह्यांना खडकीच्या बाजारात पिटाळलं. तिथे लष्कराचं जुनं सामान विकायला असतं, कडी मजबूत मिळेल असं मला वाटलं. हे संध्याकाळी परत आले ते खांद्यावरून छातीवर तिरका, जानव्यासारखा, चामड्याचा एक पट्टा घालून. पट्ट्याला ओळीने खिसे, खिशांना झाकणं, झाकणांना पितळेची बटणं.

"कडी कुठाय?"

"अगं, घोडदळाचा पट्टा आहे हा. सवार लोक यात काडतुसं ठेवायचे. चाळीस-पन्नास वर्षांचा असेल, पण चामडं बघ."

"मग आता यातच झोपवू का त्याला?"

रविवारी ह्यांचे दोस्त सावंत आले. सावंत कोकणातले, ह्यांच्याच कारखान्यात स्टोअरकीपर. सगळ्या वस्तूंवर चिठ्ठी लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी पट्टा उलटसुलट केला आणि विचारलं, "खिसे मोजलेस काय? पाच आहेत. हा पायी चालणाऱ्यांचा. घोड्यावर बसणाऱ्याला नऊ असतात."

ह्यांनी खरंच पुन्हा मोजले. त्या दिवसापासून दोघांनाही नऊ खिशांचं वेड लागलं. कडी मी शेवटी भावाकडून साताऱ्याहून मागवली.

* * *

पट्टे वाढत गेले तशी माझी झोप कमी होत गेली. एका खिशात दहा काडतुसं मावतात म्हणे. त्यातलं एखादं कुठे राहून गेलं असलं तर? आणि आमच्या अरुणला हाती लागेल ते तोंडात घालायची सवय.

मी नियमच केला. कुठलाही पट्टा आधी अंगणात, ओल्या पोत्यावर. मी चिमट्याने एकेक झाकण उचलणार, तोंड फिरवून, आणि मग पट्टा उलटा करून झटकणार. तोवर कोणी उंबरा ओलांडायचा नाही.

"तोंड फिरवून काय होतं?" ह्यांनी विचारलं.

"डोळे वाचतात."

लेथवर काम करणारे सोपानराव तिथेच बसले होते. चाकणकडचे, घरची कांद्याची शेती. सावंतांच्या नादाने तेही या वेडात आलेले. ते म्हणाले, "वहिनी, काडतूस म्हंजी काय फोडणीतली मोहरी हाय व्हय, उगं आपलं उडाया?"

"मोहरी तरी कुठे सांगून उडते, भाऊजी?"

सोपानराव जरा मागे सरकून बसले.

* * *

याच सोपानरावांना चाकणच्या बाजारात एक पट्टा मिळाला. एका खिशाचं झाकण गेलेलं, पण खिसे नऊ. सावंतांना पहिला आपण दाखवायचा म्हणून गडी पट्टा अंगात घालून, वर कोट चढवून, सायकलवरून थेट शिफ्टला गेला. गेटवर वॉचमनला कोट फुगलेला दिसला. बटणं काढायला लावली, तर छातीवर पट्टा आणि खिसे भरलेले.

वॉचमन दोन पावलं मागे गेला. "काय हाय त्यात?"

"कांदं हायती. जेवनात खायाला."

वॉचमनने काठीच्या टोकाने एक झाकण उचललं. आत खरंच बारका कांदा. दुसऱ्यातही कांदा. आठ खिशांत आठ कांदे. त्याने सगळे बघितले, वास घेतला आणि म्हणाला, "जावा आत. पन भाकरी कुठल्या खिशात हाय तेवढं सांगा."

* * *

दसरा आला. तिघांनी ठरवलं, हत्यारांबरोबर पट्ट्यांचीही पूजा करायची. सासूबाईंनी ऐकलं आणि पाट उचलून काखेत घेतला.

"चामडं? देवापुढं?"

सावंतांनी फार अदबीने मुद्दा काढला, "आई, ढोलकी चालते ना देवापुढे? तीही चामड्याचीच."

"ढोलकी वाजते. हे वाजवून दाखवा, मग ठेवा."

शेवटी पट्टे अंगणात, कण्हेरीच्या झाडाला टांगले. सासूबाईंनी लांबूनच हळदकुंकू फेकलं आणि हळूच मला म्हणाल्या, "प्रत्येक खिशात एकेक झेंडू ठेव गं. रिकामे बरे दिसत नाहीत."

* * *

मग आले रामजीबाबा. सांगवीचे, साठी उलटलेले, पहिल्या महायुद्धात घोडदळात होते. तिकडे इराकात, बसऱ्याकडे लढून आलेले. त्या वेळी घोडा, जीन, पट्टा सगळं सवाराने स्वतःचं आणायचं असायचं, म्हणून त्यांचा पट्टा त्यांच्याकडेच राहिला. गोठ्यात खुंटीला होता. आपल्यामागे पोरं त्याच्या चपला शिवतील, म्हणून तो ह्यांच्या हवाली करायला आले.

नऊ खिसे, एकही फाटलेला नाही. सावंत उकिडवे बसून बघतच राहिले. आठ खिसे उघडले, रिकामे निघाले. नवव्याचं बटण मात्र हिरवं होऊन गच्च बसलेलं.

"त्यात काडतूस नाही ना, बाबा?" मी दारातूनच विचारलं.

"न्हाई सूनबाई. गूळ हाय. माज्या हिरीचा." हिरी त्यांची घोडी. "रोज एक खडा देयाचो. परत निघालो तवा घोड्यांस्नी बोटीत घेतलं न्हाई. घोडी तिकडंच ऱ्हायली, गूळ हिकडं आला."

सावंत लगेच बोलले. सावंतांना गप्प बसवत नाही. "घोडी स्वतःची असली तर माणूस अशी टाकून येतो काय? मला वाटतं बाबा मोतद्दार असतील. खरारा करायला."

बाबांचा चेहरा उतरला. काठी टेकून ते उठले. "येत्या रव्वारी उगडा त्यो खिसा, माज्या म्होरं. गूळ न्हाई निघाला तर गावभर सांगा, रामजी खोटं बोलतो म्हून."

* * *

आठवडाभर तिघे त्या बटणाच्या मागे लागले. रॉकेल झालं, एरंडेल झालं, कारखान्यातलं ग्रीस झालं. सोपानरावांनी पक्कड काढली, तर सावंत आडवे पडले, "चामडं फाटलं तर मी जीव देईन." तीन कसबी माणसं आणि एक बटण. बटण जिंकलं.

इकडे अरुण रांगायला लागलेला. बाबा खरं बोलत असतील, पण चाळीस वर्षांत माणूस विसरतो. गुळाशेजारी एखादं काडतूस असलं तर? पट्टा मी आढ्याला टांगला होता, पण अरुण खाली बसून वर बघायचा आणि हात पसरायचा.

गुरुवारी दुपारी सासूबाई देवळात गेल्या. अरुणला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. पितळ हिरवं पडलं तर काय करतात, हे आमच्याकडे सात वर्षांची पोरगी सांगेल. चिंच भिजवली, मीठ घातलं आणि बटणाला चोळली. देवाची समई घासते तशी. दुसऱ्यांदा चोळताच टक् करून बटण सुटलं.

तोंड फिरवलं, झाकण उचललं, पट्टा झटकला. काडतूस नव्हतं. ओल्या पोत्यावर चिमूटभर काळा भुगा पडला. वाकून बघितलं, तर वाळलेल्या मुंग्या. नुसत्या मुंग्या. शेकड्यांनी असतील.

माझी भीती गेली, पण तिथेच बसून राहिले. मुंग्या उगाच कशाला जातील बंद खिशात? हे मला कळत होतं. सावंतांना कोण सांगणार? ते म्हणणार, मुंग्या कुठेही असतात.

मी बटण परत गच्च दाबून लावलं, चमक दिसू नये म्हणून वरून ग्रीसचं बोट फिरवलं आणि पट्टा होता तिथे टांगून ठेवला.

* * *

रविवारी सगळे जमले. रामजीबाबा फेटा बांधून आले होते. सावंतांनी बटणाला हात लावून बघितला, "अजून गच्चच आहे. फाडावा लागणार."

मी चिंचेची वाटी पुढे केली. "एकदा ही लावून बघा, भाऊजी."

सावंतांनी लावली. टक्. त्यांनी झाकण उचललं, दोन बोटं आत घातली आणि तशीच ठेवली. मग हळूच बाहेर काढली. बोटांत सुपारीएवढा गुळाचा खडा होता.

"चाळीस वर्षं," सावंत म्हणाले. "आणि मुंगीसुद्धा लागली नाही?"

"घोडदळाचं चामडं हाय, सायेब," सोपानराव म्हणाले. "मुंगीची काय टाप."

सावंत उठले आणि वाकून बाबांच्या पाया पडले. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खडा घेतला, उन्हात धरला, जरा वेळ फिरवून बघितला. एक कण मोडून स्वतःच्या जिभेवर ठेवला. दुसरा, मांडीपाशी रांगत आलेल्या अरुणला बोटावर घेऊन चाटवला. "घे रं शिंगरा."

मग जाताना दारात माझ्यापाशी थांबले. आवाज अगदी हळू केला.

"सूनबाई, आमच्या येळंचा गूळ काळा असायचा."