हरिबाचा पहिला पाय

राहू गावच्या हरिबानं दोनदा लांडगा नुसत्या काठीनं पळवून लावला होता, हे गावाला ठाऊक होतं. त्याच हरिबाला नाचायचं म्हटलं की घाम फुटतो, हे मात्र एकट्या बयाबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. आणि ती काही कुणाला सांगायची नाही.

त्याचं तरी काय चुकलं? जन्मला तोच मेंढरांमागं, कोकणातून परतीच्या वाटेवर. पुढची तीस वर्षंही मेंढरांमागंच गेली. बिरोबाच्या जत्रेला भाऊबंद गावी यायचे आणि एकजण कळपापाशी मागं राहायचा. तो एकजण दर साली हरिबाच. मेंढरं त्याचं ऐकायची तसं दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत. गुणी माणूस म्हणून सगळे त्याला वाखाणायचे आणि त्यालाच मागं ठेवून जत्रेला जायचे.

त्यामुळं गजीचा खेळ त्यानं धड बघितलासुद्धा नव्हता. दोन रांगा समोरासमोर, हातात रुमाल, मध्ये ढोल, आणि ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पडायचे, अशी ती गजी. तिच्यात पूर्वेच्या रांगेतली तिसरी जागा हरिबाच्या बापाची, गेणबाची. गेणबाला ती त्याच्या बापाकडून मिळालेली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मेंढरं विकून हे घर शेतीला लागलं. त्याच थंडीत गेणबाचा गुडघा असा धरला की उठताना दोन माणसं लागायला लागली. जत्रेला दीड महिना राहिला तेव्हा गजीचे म्होरके मारुतआप्पा ओसरीवर येऊन बसले.

"गेणबा, रांगंला भोक चालत न्हाई. तुझं कुणी नसलं तर रांगंतल्या हौसरावाच्या भावाला घेतो. पर एकदा दिली की जागा त्यांच्या घरात गेली, मागनं कुरकुरायचं न्हाई."

"कुणी नसाया माझा पोरगा काय मेलाय व्हय? हरिबा उभा ऱ्हाईल," गेणबा म्हणाला.

हरिबा बशीतून चहा पीत होता. तो चहा नाकातून बाहेर आला.

बापानं त्याला अंगणात तीन दिवस शिकवलं. शिकवलं म्हणजे बाजेवर बसून ओरडला. "आरं, पाय हाय का मुसळ? रुमाल उडीव, माश्या हाकतूस काय!" कुंपणावर पोरं खिदळायला लागली, तसा हरिबाचा उजवा पाय डाव्यात आणि डावा उजव्यात. चौथ्या दिवसापासून तो अंधार असतानाच रानात जायला लागला.

भाकरी तशीच राहायला लागली तेव्हा बयाबाईनं विचारलं. हरिबा म्हणाला, "जत्रेदिवशी मी तुझ्या माह्यारी, वरवंडला जाऊन पडतो. आजारी पडलो म्हणून सांग."

"आन् जागा?"

हरिबानं भाकरी बाजूला सारली. तीन पिढ्यांची जागा आपल्या पायानं जाणार, हेच तर त्याला खात होतं.

बयाबाई हळूच म्हणाली, "मला येती गजी."

"तुला?" बायामाणसं काही गजीत नाचत नसत.

"माझा बा वरवंडात ढोल वाजवायचा. दर जत्रंला मी म्होरं बसून बघायची आन् घरी आल्यावर शेरडांच्या खोपीमागं नाचायची. आजवर फक्त शेरडांनीच बघितलंय. उठा."

मग रोज दुपारी जेवणं झाली, गेणबाचा डोळा लागला, की आतल्या खोलीचं दार लागायचं. बयाबाई रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायची, पदराचा रुमाल करून पाय टाकून दाखवायची, आणि तिच्या शेजारी उभा राहून हरिबा तसाच पाय टाकायचा. पोरं नाहीत, बाप नाही, हसणारं कुणी नाही. आठ दिवसांत त्याचे पाय ऐकायला लागले.

शेजारच्या सखूबाईला मात्र हा धडधडाट सोसवेना. एक दिवस तिनं दारावर थाप मारली. "बये! अगं, मारतोय का काय हरिबा तुला?"

आतून बयाबाई म्हणाली, "न्हाई वं मावशी! मीच मारतीया."

"मग चालू दे," म्हणून सखूबाई निवांत मनानं गेली.

जत्रेच्या दिवशी ऊन कलल्यावर देवळापुढं रांगा लागल्या. भंडारा उधळला. तिसऱ्या जागेवर हरिबा उभा राहिला तेव्हा फेटा कुणी आवळत चाललंय असं त्याला वाटत होतं. पायरीजवळ घोंगडीवर गेणबा बसला होता. कडेला हौसरावाचा भाऊ रुमाल घेऊन तयारीतच होता. ढोलावर टिपरू पडलं आणि अख्ख्या रांगेनं उजवा पाय टाकला.

हरिबानं डावा टाकला.

तो डावीकडं गेला आणि डावीकडचा हौसराव उजवीकडं आला. दोघांची टक्कर झाली. हौसरावाचा फेटा सुटून गळ्यात आला. "आरं, मला काय मेंढी समजलास का, आडवा यायला?" तो ओरडला आणि सगळी जत्रा हसली. मारुतआप्पांनी हात वर करून ढोल थांबवला आणि हौसरावाच्या भावाकडं बघितलं.

बायांच्या घोळक्यातून बयाबाई बघत होती. तिला एका क्षणात उमगलं. बाया समोर बसतात. नाचणाऱ्याचा उजवा पाय समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला दिसतो. लहानपणी तिनं दिसलं तसंच उचललं होतं, म्हणजे अख्खी गजी उलटी. शेरडं काय सांगणार होती? आणि तीच तिनं नवऱ्याला महिनाभर पाठ करून दिली होती.

ती ताडकन उठली. "अवो, उलटं! समदं उलटं हाय! उजवा पाय आधी टाका, म्हंजी पुढलं आपसूक येतंय!"

सखूबाईनं तिचा पदर ओढला. भर जत्रेत, सासऱ्यादेखत नवऱ्याला हाळी! पण आता ओरडून झालं होतं.

हरिबा मधोमध उभा होता. महिनाभर ज्याचं भ्या वाटत होतं ते होऊन गेलं होतं. पाय चुकला होता, गाव हसलं होतं, आणि तरी तो दोन पायांवर उभाच होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. छातीवरची धोंड कुणी उचलावी तसा श्वास मोकळा झाला. त्यानं हौसरावाचा फेटा उचलून त्याच्या हातात दिला आणि म्होरक्यांना म्हणाला, "आप्पा, एकडाव ढोल लावा. ह्या खेपंला उजवा टाकतो. चुकलो तर मी सवताच जागा सोडतो."

आप्पांनी ढोलवाल्याकडं बघून हात खाली टाकला.

हरिबानं उजवा पाय टाकला. मग डावा. मग बसकी, गिरकी, रुमाल वर. बयाबाईनं डब्यावर घोटून घेतलेलं सगळं एकामागं एक येत गेलं, फक्त डाव्याचं उजवं होऊन. दुसऱ्या फेरीला त्यानं खाली बघणं सोडलं. तिसऱ्या फेरीला तो हसत होता. हौसरावाच्या भावानं रुमाल खिशात घातला.

फेऱ्या झाल्यावर गेणबानं सुनेला बोलावलं. ती पदर तोंडावर ओढून आली. "मामंजी, चुकलं माझं."

"चुकलं तर हायेच," गेणबा म्हणाला. "पर मी तीन दिसात हात टेकलं आन् तू म्हैनाभर डबा बडवत टिकलीस. पुढल्या वर्साला रांगंच्या मागं बस, म्हंजी सरळ दिसंल." आणि इतका हसला की त्याला ठसका लागला.

माणसं गुळपाणी प्यायला पांगली. हरिबा मात्र तिसऱ्या जागेवर एकटाच पाय टाकत होता, आणि त्याच्यापायी बिचारा ढोलवालाही थांबला नव्हता.

"बस की लेका आता," आप्पा म्हणाले, "त्येचं मनगाट सुजलं."

"बसतो की आप्पा," हरिबा म्हणाला आणि त्यानं पुन्हा उजवा पाय टाकला.