लेकीच्या वहीतली माझी स्कूटर

मैत्रिणींनो, आज दुपारी लेकीची इंग्रजीची वही चाळत होते. आपण आधी करायचो पण आता करत नाही, अशा सवयींवर पाच वाक्यं लिहायची होती. तिसरं वाक्य: 'माय मदर यूज्ड टू राइड अ स्कूटर.' शेजारी मॅडमची लाल टिक.

मला रागच आला, यार! पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून मी रोज कोथरूडहून हडपसरला जायचे. लग्नानंतर नव्हे, दिल्लीत द्वारकाला राहायला आल्यावर नवरा म्हणाला, "आधी इथलं ट्रॅफिक तर बघ." ते बघण्यात सहा वर्षं गेली.

"आई, चुकलंय का?" लेकीने विचारलं.

"नाही गं, बिल्कुल बरोबर आहे. चावी आण."

नवरा भाजीला नेतो ती स्कूटर काढली. जुना स्कार्फ, वर हेल्मेट. गेटवर गार्ड म्हणाला, "मॅडम, आप?" पहिला सिग्नल येईपर्यंत वीसच्या स्पीडने गेले. मागून बसने हॉर्न मारला, तरी मी स्कूटर कडेला घेतली नाही.

एका फेरीने ते वाक्य खोटं ठरत नाही, माहितीये. म्हणून उद्यापासून मेट्रो स्टेशनपर्यंत स्कूटर मी नेणार. नवऱ्याने भाजीला चालत जावं.

तुमच्या पोरांनी त्या तिसऱ्या वाक्यात तुमच्याबद्दल काय लिहिलं असतं?