मारुतीच्या वाट्याचं तेल

देव आहे की नाही या वादात मी कधी पडले नाही, पण त्याच्या कारभारावर माझा फारसा भरवसा नव्हता. आमच्या घरी देवधर्म सगळा ह्यांच्याकडे. सासूबाई गेल्या आणि त्यांचे वार, उपास, विधिनिषेध ह्यांनी जसेच्या तसे पुढे चालवले. अमावस्येला गावाला निघायचं नाही, सोमवारी दुपारी जेवायचं नाही, शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही. मी चाकणची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे तेल संपलं की आणायचं, वार कुठला का असेना. लग्न होऊन चिंचवडला आले आणि पहिल्याच महिन्यात एका शनिवारी बुधली रिकामी झाली, तर बिनफोडणीची आमटी पुढ्यात आली. तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता.

पिंपरीकडे तेव्हा नुकते कारखाने उभे राहू लागले होते. हे त्यातल्या एका कारखान्यात कारकून होते. त्यांच्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना साहेबांनी आपली जुनी विलायती फटफटी ह्यांच्या गळ्यात मारली. तिचं एक वेगळंच तंत्र होतं. इंजिनाला निराळं तेल घालायची सोयच नाही, पेट्रोल भरतानाच त्यात तेल मिसळून टाकायचं. त्यामुळे ती निळा धूर सोडत चालायची, आणि तिच्यावरून कुठं जाऊन आलं की माझ्या लुगड्याचा पदर दोनदा धुतला तरी वास जायचा नाही. मी तिला 'तुमची चूल' म्हणायचे. ह्यांना राग यायचा, पण गप्प बसायचे बिचारे.

दिवाळी झाल्यावर आमचा मुलगा आजीकडे चाकणला राहिला होता. तेव्हा तो पाच वर्षांचा असेल. एका शनिवारी सकाळी चाकणचा एक गाववाला सांगावा घेऊन दारात उभा राहिला. पोराला घटसर्प झालाय, घसा दाटत चाललाय. तिथल्या डॉक्टरांकडे लागतं ते इंजेक्शन नाही, पुण्याहून घेऊन या, आणि दिवस मावळायच्या आत या. दिवस मावळायच्या आत, हे त्याने दोनदा सांगितलं. घटसर्पाने गेलेली मुलं मी माहेरच्या गल्लीत पाहिली होती.

हे तसेच आगगाडीने पुण्याला धावले आणि बर्फ घातलेल्या थर्मासात इंजेक्शनची बाटली घेऊन दुपारी परत आले. चाकणच्या एस.टी.ची वाट पाहत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. फटफटीची टाकी तळाला गेली होती म्हणून पिंपरीच्या पंपावर थांबलो. मी थर्मास पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पंपावर काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. माझं चित्त कुठं होतं थाऱ्यावर!

भोसरी मागे पडली आणि आवाज सुरू झाला. टक्, टक्, टक्. डब्यात खडा घालून कुणी हलवावा तसा. ह्यांनी आधी तिकडे दुर्लक्ष केलं, मग थांबून साखळी पाहिली, पाय ठेवायच्या दांड्या हलवून पाहिल्या. सगळं घट्ट होतं. पुन्हा निघालो. चढ लागला की आवाज वाढायचा, उतारावर कमी व्हायचा. ह्यांनी एका उतारावर क्लच दाबून गाडी नुसतीच सोडून पाहिली, तर चाकं जोरात फिरत होती आणि आवाज मात्र मंदावला. "चाकात नाही, इंजिनात आहे," हे म्हणाले. मी मनातल्या मनात थर्मासशीच बोलत होते, बाई गं, थंड राहा, एवढं पोचेपर्यंत थंड राहा.

मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीचा पूल दिसायला लागला असेल नसेल, गाडीने एकदम आचका दिला आणि ती बंद पडली. हे किकवर उभे राहिले तरी किक खाली जाईना. इंजिन आतून अडकून बसलं होतं. रस्त्याला चिटपाखरू नाही. एक बैलगाडी गेली ती उलट्या दिशेने. सूर्य कलायला लागला होता. मी काय काय बोलले त्या वेळी! "एवढे उपास केलेत ना, बोलवा आता तुमच्या देवाला! एवढे वार पाळलेत, सांगा त्याला गाडी ढकलायला!" हे गाडीपाशी बसून इंजिन निवायची वाट बघत राहिले आणि मधेच त्यांनी प्लग काढला. त्याचं टोक राखेसारखं पांढरं आणि कोरडं ठणठणीत होतं. हा नेहमी काळा नि ओला असतो, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

मी पदराने तोंड पुसलं आणि पुसता पुसता थांबले. पदराला वासच नव्हता. एवढा रस्ता आलो, मी मागे बसलेली, आणि धुराचा वास नाही?

"अहो," मी म्हटलं, "आज तुमची चूल धुरावली कशी नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, आज शनिवार," ते म्हणाले. "पंपावरचा माणूस तेल घालू का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, शनिवारी तेल घेत नाही, उद्या घालू. टाकीच्या तळाशी थोडं तेलाचं पेट्रोल आहे, तेवढ्यावर चाकण गाठू, असं वाटलं. आज तर देवाला दुखवायचं नव्हतं गं. आज तर नाहीच." आणि हा माणूस रस्त्यात बसून हुंदके देऊन रडायला लागला. माझा सगळा राग गेला कुठं कोण जाणे. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी हात जोडले ते तेव्हा. मागणंसुद्धा सुचेना. एवढंच म्हटलं, आमचं डोकं चालायचं तेवढं चाललं, आता तू बघ.

मोशीकडून एक म्हातारी येत होती. काठी टेकत, दुसऱ्या हातात दोरी बांधलेली बुधली सांभाळत. शेताच्या बांधावरच्या मारुतीला शनिवारचं तेल घालायला चालली होती. आम्हाला बघून ती थांबली. "काय झालं गं पोरी? कुणी गेलं का काय?"

मी तिला सगळं सांगितलं. पोर, घसा, इंजेक्शन, आणि गाडीला तेल हवं म्हणून. तिने थर्मासकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि बुधली पुढे केली. "शेंगदान्याचं हाय. चालंल का?"

हे मागे सरकले. "आजी, मारुतीचं तेल आहे. मी कसं घालू गाडीत?"

"आरं बाबा, त्यो दगडाचा हाय, एक शनवार कोरडा ऱ्हाईल. तुजं लेकरू ऱ्हाईल का? घाल मुकाट्यानं!"

ह्यांनी प्लगच्या भोकातून थोडं तेल आत सोडलं, बाकीचं टाकीत ओतलं आणि गाडी दोन्ही बाजूंनी घुसळून घुसळून हलवली. किक पहिल्यांदा अडली, मग करकरत खाली गेली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. टक् टक् चालूच होतं. हे कान देऊन ऐकत उभे राहिले, मीही. हळूहळू ते बोथट झालं, मग ऐकू येईनासं झालं, आणि मागून असा धूर निघाला की कुणी रस्त्यात भज्यांची कढई चढवलीय असं वाटावं. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "आता पळा!" म्हणाली. तिचं नाव विचारायचंही आम्हाला भान राहिलं नाही.

बेताच्या वेगाने, भज्यांचा वास सोडत, आम्ही चाकणला पोचलो तेव्हा ऊन भिंतींवर चढलं होतं, पण होतं. थर्मासात बर्फाचा खडा शिल्लक होता. डॉक्टर दारातच उभे होते. रात्रभर पोराचा श्वास ऐकत मी बसून राहिले. पहाटे त्याने पाणी मागितलं आणि ते घोटभर त्याच्या घशाखाली उतरलं.

पोर हिंडायला-फिरायला लागल्यावर त्याला घेऊन आम्ही मोशीला गेलो. शनिवारच होता. म्हातारी सापडायला वेळ लागला नाही, बुधली घेऊन निघालेलीच होती. तिच्या शेजारणीने वाटेत मला हळूच सगळं सांगितलं. म्हातारीचा एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत गेला होता, त्याची पुष्कळ दिवसांत खबर नव्हती. त्याच्यासाठी तिने शनिवार धरले होते. एकही शनिवार न चुकता तेल घालायचं, चुकला तर मागचे सगळे वाया, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गाडीत तेल ओतलं त्या दिवशी तिचे शनिवार पुरे व्हायला आले होते.

मी तिचे पाय धरले. "आजी, आमच्यापायी मोडले हो तुमचे शनिवार."

"मोडले तर मोडले. धरल्यात की परत." तिने मला उठवलं. "आगं, मी त्याला रोज सांगत व्हते, माज्या लेकराला सांभाळ. त्यानं माज्याच हातात दुसऱ्याचं लेकरू दिलं. मग म्या न्हाई कसं म्हनायचं? माजा बी असाच कुनाच्या तरी दारात उभा असंल."

त्या दिवसापासून तिचे शनिवार पुरे होईतो आम्ही दोघं दर शनिवारी मोशीला जात होतो. तेलाची बुधली हे नेत. शनिवारी, दुकानातून विकत घेऊन. त्यांच्या तोंडून वाराचं नाव मी पुन्हा ऐकलं नाही, आणि माझ्या तोंडून त्यांच्या देवाची चेष्टाही निघाली नाही. म्हातारीच्या मुलाला अखेर गावचा एक माणूस परळला भेटला. दुखण्यातून उठला होता, संक्रांतीला घरी आला. हे कशामुळे झालं ते मला ठाऊक नाही. मी फक्त हात जोडते. कारभार ज्याचा आहे त्याला तो कळतो, एवढं मी आता मान्य केलंय.

पण डोळ्यांसमोर राहिलाय तो मोशीचा पहिला शनिवार. मारुतीपुढे म्हातारीने बुधलीची दोरी सोडली, पण तेल मूर्तीवर घातलं नाही. आमच्या पोराला जवळ ओढलं, तळहातावर तेल घेतलं आणि त्याच्या टाळूवर थापलं. चांगलं जिरेपर्यंत चोळलं. तेल त्याच्या कानामागून ओघळलं, तसा तो खिदळायला लागला.

"आदी ह्याला," मारुतीकडे बघून ती म्हणाली, "मग तुला."