ज्या बाईनं मला वॉर्डाबाहेर काढलं

राठोड सिस्टर गेल्या, ही बातमी आमच्या घरात आधी कळली ती सुनेला, सविताला. हिंगोलीहून कुणाचा तरी फोन आला. तिनं तो ऐकून घेतला आणि मला म्हणाली, "मामा, सिस्टर गेल्या. सकाळी चहा पिता पिता गेल्या म्हणं." मी म्हणालो, "हट्, कुणीतरी उगं सांगितलं असंल." अशी बाई जाईल कशी? मरण दारात आलं असतं तर "आता भेटायची वेळ न्हाई" म्हणून तिनं त्यालाही परत पाठवलं असतं, अशी माझी पक्की समजूत होती... महिना होत आला, अजून ती समजूत पुरती मोडलेली नाही.

मी एस.टी.त कंट्रोलर होतो. नोकरीची शेवटची वर्षं वसमतच्या स्टँडवर गेली, आणि सबंध स्टँड माझ्या आवाजावर चालायचं. माझ्या खोलीतून मी भल्याभल्यांना बाहेर काढलेलं, मला मात्र कुणी काढलं नव्हतं. रिटायर होऊन शिरड शहापूरला घरची हळद बघायला लागलो, तेव्हाची ही गोष्ट. शिजवलेली हळद वाळत घालून बाया ट्रॉलीतून परत येत होत्या. ट्रॉली खड्ड्यात आदळली आणि कडेला बसलेली सविता खाली पडली. उठली, साडी झटकली, "काही न्हाई लागलं" म्हणाली. कपाळ फुटलं होतं तेवढं दिसलं. मुलगा बाहेरगावी होता, म्हणून मीच जीप करून तिला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कपाळाला टाके घातले, आज ठेवून घेऊ, लक्ष ठेवू, म्हणाले. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो. सविता डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून पडलेली. तेवढ्यात राठोड सिस्टर आल्या. औंढ्याकडच्या एका तांड्यावरची बाई, अंगानं ठेंगणी, पण चालायची अशी की दवाखान्याचा सातबारा तिच्याच नावावर असावा. "बाई, कुठं दुखतंय?" "न्हाई, कुठंच न्हाई." सिस्टरांनी मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं, पुन्हा विचारलं. पदराआडून तेच उत्तर. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"बाबा, बाहेर व्हा."

"काहून? मी सासरा हाय तिचा."

"म्हणूनच बाहेर."

माझं डोकंच सणकलं. स्टँडवरच्या आवाजात म्हणालो, लेकीसारखी सून हाय माझी, मी तिला एकटी सोडणार न्हाई! बाई ढिम्म. "लेकीसारखी हाय ना? मंग लेकीला बोलू द्या," म्हणाली आणि माझ्या तोंडावर पडदा ओढला.

बाहेर बाकावर धुसफुसत टेकतो न टेकतो, तोच आत पळापळ सुरू झाली. नंतर कळलं, मी उठल्याबरोबर सविताचा पदर मागं सरला होता. डावा खांदा ठणकतोय, म्हणाली. खांद्यावर तर ओरखडासुद्धा नव्हता! मग म्हणाली, पोट जड झालंय, डोळ्यांपुढं अंधारी येऊन राहिली. सासऱ्यासमोर पोटाचं कसं सांगावं म्हणून गप होती पोरगी. सिस्टरांनी पोटाला हात लावून पाहिला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावतच आले. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. खरं सांगतो, आयुष्यात मी तेवढा भ्यालो नाही. स्ट्रेचर ढकलत सिस्टर बाहेर आल्या, मला पाहून म्हणाल्या, "बाबा, आता ओरडा. रक्त लागंल, बोलवा तुमची माणसं." मी दवाखान्याच्या आवारात उभा राहून फोनवर असा काही ओरडलो की हिंगोली डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर खाकी कपड्यांनिशी रांगेत येऊन उभे राहिले. ऑपरेशन झालं. पोरगी वाचली.

पुढं सविता दवाखान्यात होती तोवर मी व्हरांड्यातून त्या बाईचं काम बघत बसायचो. अपघाताचा पेशंट आला की आधी पाहुण्यांची गर्दी हटवायची, मग नाडी, मग प्रश्न. एकदा मोडक्या पायाचा एक म्हातारा जावयासमोर हूं की चूं करीना. जावई बाहेर गेला आणि म्हाताऱ्यानं असा टाहो फोडला की बस! "सासऱ्यासमोर सून बोलत न्हाई, जावयासमोर सासरा कण्हत न्हाई," सिस्टर मला म्हणाल्या, "मंग मी विचारू कुणाला?" खांद्याचंही तेव्हाच सांगितलं, पोटात रक्त साचलं की कधी कधी खांदा दुखतो म्हणून. मी म्हणालो, तुमी स्टँडवर पाहिजे होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाड्या वेळेवर सुटल्या असत्या." पुढं कितीदा घरी आल्या, जेवल्या, माझ्या तंबाखूवरून माझी खरडपट्टी काढली. आमच्या घरात माझ्यावर आवाज चढवणारी तेवढी एकच बाई होती, आणि मला त्याचं भारी अप्रूप वाटायचं.

गेल्या आठवड्यात दोन घास खाऊन मी ताट सरकवलं. बायकोनं विचारलं, मुलानं विचारलं. "काही न्हाई, उन्हाची तकलीफ," म्हणालो. रोज तेच चाललं होतं. सविता भाकरी थापता थापता उठली, हात धुतले आणि म्हणाली, "तुमी समदे जरा ओट्यावर बसा." माझ्या घरात! मुलगा कुरकुरला, पण गेला. तिनं दार लोटलं, पदर खांद्यावर घेतला आणि माझ्यासमोर बसून माझं मनगट हातात धरलं. "सांगा मामा."

"मला ती बाई लई आठवून राहिली गं..." एवढंच म्हणालो आणि ढसाढसा रडलो. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. माझं रडणं सरेपर्यंत सवितानं मनगट सोडलं नाही.